ऐकल्याशिवाय बोलायचं नाही

काडीचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधल्या बोळातला एक लांबट गाळा. नवे कपडे ती शिवत नाही. दुसऱ्यांनी शिवलेले दुरुस्त करते. पँटची उंची कमी करायची, चेन बदलायची, कोटाचं फाटलेलं अस्तर काढून नवं लावायचं, कंबर सैल करायची नाहीतर आवळायची. लोक जाड होतात, बारीक होतात आणि त्यावर आपलं घर चालतं, असं ती सांगते. लहानपणी ती इतकी हडकुळी होती की थोरला भाऊ तिला काडी म्हणू लागला. आता ती पन्नाशीत आहे, आणि तिच्या अंगात बारीक म्हणण्यासारखं ते नाव तेवढं उरलं आहे, हा विनोदही तिचाच.

शिलाई मशीनच्या बाजूला, इस्त्रीपासून जरा लांब, रेकॉर्ड प्लेअर आहे. नवं गिऱ्हाईक दारातच थबकतं. आत चष्मा नाकावर ओढलेली बाई शांतपणे टीप उसवत असते आणि खोलीभर गिटारी किंचाळत असतात. मुलानं लावून ठेवलंय का, असं बहुतेक जण विचारतात. माझंच आहे, असं म्हणून ती आवाज थोडा कमी करते, आणि माप घेऊन झालं की पुन्हा वाढवते. नवऱ्याच्या लेखी या संगीतात आणि गोदामाचे पत्रे खाली पडण्यात फरक नाही. तो स्वतः गोदामातच कामाला असल्यामुळे हे अधिकारानं बोलतो. म्हणून प्लेअर घरात नाही, दुकानात आहे. त्यावरून दोघांत कधी भांडण झालं नाही. पत्रे घरी पडत नाहीत ना, एवढं त्याला पुरतं.

हे वेड भावाचं. दादा तिच्याहून बराच मोठा. नवी रेकॉर्ड आणली की तिला समोर बसवायचा आणि मध्ये बोलू द्यायचा नाही. एक बाजू पूर्ण झाली की मगच विचारायचा, काय ऐकलंस? छान होतं, म्हटलं की चिडायचा. छान हे काही ऐकलेलं नव्हे, ते जेवण झाल्यावर म्हणायचं. मग तिनं नीट सांगायचं की ड्रम्स कुठे थांबले, गाणाऱ्याचा आवाज कुठे फाटला, कुठलं गाणं उगाच लांबवलंय. शाळेत तिला कुणी एवढे प्रश्न विचारले नव्हते आणि पुढेही कुणी विचारले नाहीत.

रविवारची बैठक दादानंच सुरू केली. जागा चौकटच्या दुकानाची. चौकट हा फोटो-फ्रेमवाला, दादाचा शाळेपासूनचा दोस्त. दुकानात भिंतीला टेकवलेल्या लाकडी पट्ट्या, काच कापायचं मोठं टेबल, आणि मागच्या कोपऱ्यात लोकांनी करायला दिलेल्या आणि कधीच न नेलेल्या फ्रेमा. अनोळखी नवरे-नवऱ्या, पदवीचा झगा घातलेले तरुण, कुणाचे तरी आजोबा. या मंडळींच्या देखत बैठक भरायची. दादा, चौकट, औषधांच्या दुकानाचा मालक गोळी, आणि शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले मास्तर. सध्या काय ऐकतोयस, एवढाच विषय. ज्याची पाळी त्यानं आठवडाभर ऐकलेली रेकॉर्ड आणायची, तिच्याबद्दल बोलायचं, आणि मग ती रेकॉर्ड घरोघर फिरायची. एका आठवड्याला एक घर. पुढच्या रविवारी ज्याच्या घरी राहिली त्यानं सांगायचं. नियम दादाचा: ऐकल्याशिवाय बोलायचं नाही. पटलं नाही तर शिव्या घाला, पण ऐकून घाला.

दादा गेला त्याला आता काही वर्षं झाली. डोक्याचं दुखणं होतं, ते वाढत गेलं. दिवसकार्य झाल्यावर चौकट काडीच्या दुकानात आला, थोडा वेळ कात्रीशी चाळा करत बसला आणि म्हणाला, त्याची खुर्ची रिकामी बरी दिसत नाही, तू ये. काडी गेली. पहिले काही रविवार ती नुसतं ऐकून घेत होती. मग बोलू लागली आणि मग असं बोलू लागली की मास्तर म्हणाले, भाऊ परवडला.

बैठकीचा नियम ती पोथीसारखा पाळायची. गोळीला लांबलचक वाद्यवादनाची आवड. त्यातल्या एका अल्बमची आख्खी बाजू म्हणजे एकाच माणसानं बडवलेले ड्रम्स. काडीनं तीही शेवटपर्यंत ऐकली, दोनदा, एका वकिलाच्या कोटाचं अस्तर बदलताना. कोट झाला, ड्रम्स संपेनात. रविवारी तिनं तेच सांगितलं आणि सगळे हसले, पण हेही खरं की त्या बडवण्यात एका ठिकाणी तो माणूस दमून हळू होतो आणि मग लाज वाटल्यासारखा पुन्हा जोर धरतो, ते तिनं बरोबर टिपलं होतं. गोळीला ते माहीत नव्हतं. आपलीच रेकॉर्ड असून कसं लक्षात आलं नाही, असं तो म्हणाला. तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

एक रेकॉर्ड मात्र तिनं कधी बैठकीत नेली नव्हती. ती दादाची शेवटची. जाण्याआधी काही आठवडे त्यानं फोनवर सांगितलं होतं, सध्या हीच चालू आहे, दुसरं काही लावतच नाही, दुसऱ्या बाजूच्या शेवटी सगळी वाद्यं एकेक करून निघून जातात आणि नुसता बेस गिटारचा जाड सूर उरतो, ते ऐकायला ये. तिचं जाणं काही ना काही कारणानं लांबत गेलं. पुढे वहिनीनं त्याच्या रेकॉर्डी तिच्याकडे पाठवल्या, तेव्हा तिनं ती ऐकली. शेवटी बेस उरतो, तसाच उरला. कुठल्याशा लहान बँडची रेकॉर्ड, थोड्याच प्रती निघालेली, फोनवर शोधून सापडत नाही. दादा आणि आपण सोडून ही ऐकलेलं माणूस आपल्या ओळखीत नाही, हे तिला आधी भारी वाटायचं. नंतर ते जड होऊ लागलं. दादाबरोबर जे बोलायचं राहून गेलं ते बोलायला दुसरं कुणीतरी ती ऐकलेलं हवं होतं. शेवटी तिनं ठरवलं आणि एका रविवारी रेकॉर्ड पिशवीत घालून नेली.

बैठकीत तिनं फार काही सांगितलं नाही. दादा शेवटी हीच ऐकत होता, तुम्ही ऐका, मग बोलू. चौकटनं कव्हर हातात घेतलं, मागेपुढे पाहिलं आणि गोळीकडे दिलं.

पुढच्या रविवारी गोळी म्हणाला, काय गिटार आहे, काटा आला अंगावर. त्याच्या पुढच्या रविवारी मास्तरांना पहिली बाजू जास्त भावली. दुसरी थोडी खोल आहे, असं ते म्हणाले. तिला दोघांचं बोलणं जरा आखूड वाटलं, पण प्रत्येकाचा कान वेगळा. मग रेकॉर्ड चौकटकडे गेली. चौकट रविवारी काच पुसत पुसत बोलला. म्हणाला, दुसऱ्या बाजूला शेवटी सगळे निघून जातात ना आणि एकटा बेस मागे राहतो, तिथे माझा हात काचेवरच थांबला. एवढंच. काडीला त्याच्याकडे बघवेना. ती आजोबांच्या फ्रेमकडे बघत बसली. घरी जाताना तिला हलकं वाटलं. झालं, कुणीतरी तिथवर पोचलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर तिनं चौकटकडून परत आलेली रेकॉर्ड लावली. मशीनवर बसायच्या आधी एकदा ऐकावी म्हणून.

एक माणूस घसा खाकरल्यासारख्या आवाजात म्हणाला, “डावा.” मग बराच वेळ नुसता एकसुरी सूं आवाज. मग तोच माणूस म्हणाला, “उजवा.” पुन्हा सूं.

ही प्लेअर जुळवायची तबकडी. रेकॉर्ड प्लेअर बाळगणाऱ्या बऱ्याच जणांकडे ती असते. सुई नीट बसली आहे का, दोन्ही स्पीकर सारखे वाजतात का, हे तपासायला. गाणं तिच्यावर एकही नाही, दोन्ही बाजूंना हा माणूस आणि हा सूं. बैठकीला जायच्या आदल्या दिवशी काडीनं प्लेअरची सुई बदलली होती आणि तो जुळवून घेतला होता. त्या घाईत तबकडी दादाच्या कव्हरात गेली. तिनं फडताळातून तबकडीचं साधं पांढरं कव्हर काढलं. दादाची रेकॉर्ड त्यात निवांत पडून होती. ती दुकानाबाहेर गेलीच नव्हती.

काडी हसली. चूक तिचीच, आणि चूक अशी की घरी सांगावी तर कळणारही नाही. मग तिचं हसू आटलं. काटा कशानं आला? पहिली बाजू कुणाला भावली?

समोरच्या पँटची टीप तिनं उसवून पुरी केली, दुकानाला कुलूप लावलं आणि गोळीकडे गेली.

गोळी कपाटातून औषधं काढून देत होता. गिऱ्हाईक गेल्यावर तिनं विचारलं, ती रेकॉर्ड नीट ऐकली होतीस ना? अगदी, तो म्हणाला.

“सुरुवातीला काय आहे तिच्यात?”

“सुरुवातीला? गिटार. जबरदस्त.”

“सुरुवातीला एक माणूस डावा म्हणतो,” काडी म्हणाली. “मग उजवा म्हणतो.”

“हां हां, तेच ते,” गोळी म्हणाला. “ते तर फारच भारी घेतलंय.”

काडीनं खोकल्याच्या गोळ्यांचं एक पाकीट घेतलं, कारण दुकानात आलो आहोत तर काहीतरी न्यावं, आणि निघाली.

मास्तरांकडे तिला विचारावंही लागलं नाही. प्लेअरवर घड्या घातलेल्या चादरी होत्या. मास्तरांनी तिच्या नजरेचा रोख ओळखला. मशीन बंद पडून बराच काळ झाला, दुरुस्त करणारा मिळत नाही, मिळाला तर सुई मिळत नाही, असं ते सांगू लागले. मग थांबले. घरात दिवसभर कुणी बोलायला नसतं, रविवारी सकाळी चार माणसं भेटतात, कव्हरावर जे लिहिलेलं असतं ते वाचून जातो, असं म्हणाले. त्यांनी चहा विचारला. तिनं घेतला. रागावण्यासारखं त्या माणसात काही नव्हतं आणि नेमका याचाच तिला राग आला.

पण चौकटनं ऐकली असणार, असं तिला वाटत राहिलं. बेसचं कुणी कव्हरावर छापलेलं नव्हतं. आणि कव्हरात ती रेकॉर्डच नव्हती तर त्यानं ऐकली कुठून? या दोन गोष्टींचा मेळ बसेना. तो बसावा म्हणून तिनं वाटेत बरेच उपाय करून पाहिले. त्याच्याकडे दुसरी प्रत असेल. पूर्वी कधी दादाबरोबर ऐकली असेल.

चौकट टेबलावर वाकून काच कापत होता. ती आत आली, न नेलेल्या फ्रेमांच्या पुढ्यातल्या खुर्चीवर बसली आणि तिनं त्याला सरळ विचारलं, कव्हरात काय होतं?

चौकटनं काच ओरखड्यावर मोडली, दोन्ही तुकडे बाजूला ठेवले आणि हातमोजे काढले.

“डावा, उजवा,” तो म्हणाला.

म्हणजे त्यानं लावली होती. सगळ्यांत तो एकटा, ज्यानं सुई टेकवली होती. लावल्यावर आधी तोही हसला होता, असं त्यानं सांगितलं. मग त्याच्या लक्षात आलं की गोळी आणि मास्तर दोघंही काडीसमोर रेकॉर्डचं कौतुक करून मोकळे झाले आहेत. आपण खरं सांगितलं तर ते उघडे पडणार, आणि काडी उठून जाणार, ती परत यायची नाही. मग बैठक कसली राहते? म्हणून तो गप्प बसला.

“गप्प कुठे बसलास?” काडी म्हणाली. “हात काचेवर थांबला म्हणालास.”

चौकटनं हातमोजे टेबलावर सरळ करून ठेवले. नुसतं छान म्हणून भागलं नसतं, तो म्हणाला. तू विचारलं असतंस, काय छान. बेसचं तुझ्या दादानं मला सांगितलं होतं, तेच मी परत सांगितलं.

काडी ज्या गोष्टीसाठी इतकी वर्षं थांबली होती ती हीच, आणि ती तिला दादाच्याच तोंडची उष्टी मिळाली होती. गोळीचं खोटं आळशीपणाचं होतं, मास्तरांचं एकटेपणाचं. हे मात्र मापं घेऊन, बेतून, तिच्या अंगाला बसेल असं शिवलेलं होतं. एवढं सगळं तिला बोलायचं होतं. ती म्हणाली एवढंच, “नियम दादाचा होता. निदान त्याचा तरी विचार करायचास.”

चौकट दुकानाबाहेर बघत राहिला. रस्त्यावरून कुणीतरी हात केला, त्यानंही केला. मग म्हणाला, “नियम त्यानंच केला, काडे. आणि पहिल्यांदा मोडलाही त्यानंच.”

तिला कळेना. तेव्हा त्यानं सांगितलं. शेवटच्या दिवसांत दादाला आवाज सोसत नव्हता. दुकानात काच कापतानाची करकर झाली की तो दोन्ही हातांनी डोकं धरायचा, म्हणून रविवारी बैठक संपेपर्यंत चौकट काचेला हात लावायचा नाही. दादानं मागवलेली ती रेकॉर्ड चौकटनंच त्याला आणून दिली होती, वरच्या प्लास्टिकसकट. दादा बैठकीत तिच्याबद्दल फार सुंदर बोलायचा, पण ती कधी फिरायला दिली नाही. कुठूनतरी वाचलं असेल, विकणाऱ्यानं सांगितलं असेल. चौकटला कळत होतं आणि दादाला कळत होतं की त्याला कळतंय. दोघं बोलले नाहीत.

“मला तो फोनवर म्हणाला होता,” काडी म्हणाली. “सध्या हीच चालू आहे म्हणाला होता.”

“आम्हालाही तेच म्हणायचा.”

मग चौकट म्हणाला, रेकॉर्ड आण, आत्ता ऐकतो, शटर ओढून घेतो, दोन्ही बाजू ऐकतो. त्याच्या आवाजात खोट नव्हती. काडी उठली.

“आता तू माफी म्हणून ऐकशील,” ती म्हणाली. “तसं नको.”

वाटेत तिला वाटत होतं की चौकट आपली मान सोडवण्यासाठी सगळं दादावर ढकलतोय. मेलेला माणूस उठून नाही म्हणायला येत नाही, ही सोय कुणालाही सुचते. दुकानात पोचेपर्यंत तिनं स्वतःला हे जवळजवळ पटवलं होतं. मग तिनं वहिनीला फोन लावला.

वहिनी आता मुलीकडे राहते. नातवाची पडलेली दाढ, जावयाची बदली, गुडघे, असं सगळं झाल्यावर काडीनं विचारलं, शेवटी शेवटी दादा घरी रेकॉर्डी लावायचा का गं?

“कसल्या रेकॉर्डी,” वहिनी म्हणाली. “अगं, मिक्सर मी शेजारच्यांकडे नेऊन लावत होते त्या दिवसांत. नळ जोरात सोडला तरी त्याला ठणका लागायचा. प्लेअरची वायरसुद्धा मी काढून ठेवली होती. तुला नाही का तो बोलला?”

नाही, काडी म्हणाली.

“तुला कसा बोलेल. तू येशील आणि त्याला रडवशील, म्हणायचा,” वहिनी म्हणाली आणि पुन्हा गुडघ्यांवर आली.

फोन ठेवल्यावर काडी मशीनपाशी बसली. दारात एक बाई मुलाची शाळेची पँट घेऊन उभी होती, मुलगा अचानक उंच झाला होता. काडीनं पँट उलटी करून दुमड बघितली, आत बोटभर कापड आहे, सोडता येईल म्हणाली. बाई गेल्यावर तिनं दुमडीची टीप उसवायला घेतली. वर्षभर आत राहिलेला कापडाचा पट्टा बाहेर आला. बाकीच्या पँटहून गडद, कारण त्याला ऊन लागलेलं नव्हतं.

ज्या प्लास्टिकबद्दल चौकट बोलला ते कुणी फाडलं, हे तिला आठवत नव्हतं. वहिनीनं पाठवलेल्या खोक्यात कितीतरी रेकॉर्डी होत्या, तिनं त्या एका दुपारी भराभर बाहेर काढल्या होत्या. तिनंच फाडलं असणार. तबकडीवर उजेडात दिसणाऱ्या बारीक रेघा होत्या त्याही मग सगळ्या तिच्याच सुईच्या. ती रेकॉर्ड दादाला ऐकता आली नव्हती. गोळी, मास्तर आणि चौकट तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते. इतकी वर्षं ती ज्या गोष्टीबद्दल कुणाशी तरी बोलायला तरसत होती ती पहिल्यापासून तिची एकटीची होती.

रविवारी सकाळी, बैठकीच्या वेळी, तिनं दुकान उघडं ठेवलं. दादाच्या रेकॉर्डी फडताळाच्या वरच्या कप्प्यात असतात, तिच्या स्वतःच्या खालच्या. ती रेकॉर्ड तिनं वरून काढली, एकदा दोन्ही बाजूंनी ऐकली आणि खालच्या कप्प्यात ठेवून दिली.